पवनीचं रान, पवनीची टेकडी

चिखल्याच्या माणसाने पैसे भरून जंगल पाहायला जावं, हा आमच्याकडे थट्टेचा विषय आहे. आमच्या मँगनीज खाणीच्या वसाहतीतून बाहेर पडलं की साग-पळसाचं रान सुरू होतं. गोबरवाही असो की सीतासावंगी, तिथल्या कुठल्याही माणसाला रानडुकराचं अप्रूप नाही. असलाच तर राग आहे. तरीही खाणीतली नोकरी संपल्यावर मला नाद लागला तो आमच्याच भंडारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा. वैनगंगेकाठची पवनी, तिथल्या दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपांच्या टेकड्या आणि शेजारचं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. २०१२ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे १८९ चौरस किलोमीटरचं आहे. नागपूर जिल्ह्यातले उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्यातला पवनी अशा चार तालुक्यांत ते पसरलंय. तिथे जाता-येता जे सुचलं, ते इथे मांडतोय. यातलं काहीच कुणाला उपयोगी पडेल असा माझा दावा नाही. मला उपयोगी पडलं, तेही बरंच उशिरा.

१. जवळचं गाव सगळ्यात शेवटी दिसतं.
सांची मी कधीच पाहिली होती. तिथे उभं राहून ‘आपल्याकडे असं काही नाही’ असं म्हटल्याचंही आठवतं. आपल्याकडे म्हणजे कुठे, ते मात्र तेव्हा स्वतःला विचारलं नाही. १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने पवनीत उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली जो स्तूप निघाला, तो व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाहून थोडा मोठाच भरला. आम्हाला पवनी माहीत होती ती घाटांसाठी, देवळांसाठी आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी. गंमत म्हणजे आमच्या भागातली बावनथडी पुढे वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा भंडाऱ्यावरून पवनीला जाते. चिखल्याकडचं पाणी शतकानुशतकं तिथे पोचतंय. माणसाला पोचायला निवृत्ती लागली.

२. वाळवंट पाहायला जैसलमेर गाठावं लागत नाही.
एप्रिल संपता संपता कऱ्हांडल्याच्या रानात शिरलं की पहिल्यांदा फसल्यासारखं वाटतं. हिरवं म्हणून काही नाही. साग उघडा, ऐन उघडा, खाली वाळक्या पानांचा थर, आणि गाडीमागे उठणारा धुरळा तोंडात. अभयारण्य म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र, अशी समजूत घेऊन आलेल्या माणसाला हे सरळ वाळवंटच वाटतं. पण झाडांनी पानं टाकली आहेत ती पाणी वाचवायला, हे कळलं की त्याच उघड्या फांद्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. सगळं रान खर्च कमी करून बसलेलं असतं. त्यातच पळस फुलून गेलेला असतो, मोहाचा सडा नुकताच संपलेला असतो, तेंदूला कोवळी पानं फुटत असतात. पावसाळ्यानंतरच्या दाट हिरव्या भिंतीमागे दोन हातांवरचं जनावर दिसत नाही. या ओसाडीत पाणवठ्याकडे निघालेलं चितळ लांबून दिसतं. ज्याला मी उणेपणा म्हणत होतो, त्याच्याच जिवावर माझं पाहणं चाललं होतं.

३. रानात सगळ्यात रिकामटेकडा प्राणी म्हणजे मी.
हे कळायला एक सकाळ पुरली. पाणवठ्यावर मधमाश्या ओल्या कडेला चिकटलेल्या, रानकुत्री सांबराच्या मागावर, गवा मान खाली घालून चरण्यात गुंतलेला. वनमजूर जाळरेषेवरचा पाला ओढत होते, चालक आणि गाईड पोटासाठी पहाटे तीनला उठून आलेले. काहीच काम नसलेला एकटा मी. आणि घाई सगळ्यात जास्त कुणाला, तर मलाच. ‘पुढे घ्या, इथे काही नाही’ असं म्हणणाराही मीच. जन्मभर पाळ्या केलेल्या माणसाला रिकामं बसणं जमत नाही, अशी सबब मी देऊन पाहिली. गाईड पोरगा म्हणाला, “काकाजी, थांबनं हेच इथलं काम आहे.” त्याचं वय माझ्या नातवाहून फार नसेल. मी थांबलो. काही दिसलं नाही. पण त्या दिवसापासून ‘इथे काही नाही’ हे वाक्य तोंडून निघताना जरा अडखळतं.

४. डोळ्यांपेक्षा कान जुने शिकलेले निघाले.
भूमिगत खाणीत काम केलेल्याला एक सवय असते. कामाच्या जागी गेल्यावर आधी सब्बलीने छताला ठोकून पाहायचं. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट. बद्द, पोकळ आवाज आला तर मागे सरा. जीव कानावर असतो. ही विद्या वर उजेडात काही कामाची नाही असं मी धरून चाललो होतो. रानात ती अचानक परत कामाला आली. वानर झाडावर उगाच ओरडतंय की खाली काही दिसल्यावर खोकल्यासारखा ठसका देतंय, चितळाची हाक एकदाच आली की एका जागेवरून पुन्हा पुन्हा येतेय, सांबर ओरडलं का (सांबर सहसा फुकट ओरडत नाही), हा फरक मला इतरांच्या आधी कळू लागला. गाडीतल्या महागड्या कॅमेऱ्यांपुढे माझ्या कानांची थोडी प्रतिष्ठा वाढली. ती फार टिकली नाही, कारण आवाज आला ती दिशा मी छातीठोक सांगितली आणि वाघीण दुसरीकडून निघाली. खाणीत आवाज वरूनच येतो. रानात त्याला चारी दिशा मोकळ्या.

५. अभयारण्याची हद्द नकाशावर असते, वाघाच्या पायात नसते.
जय वाघाची गोष्ट विदर्भात पोरासोरांना ठाऊक आहे. ‘शोले’तल्या जोडीवरून ज्यांची नावं पडली त्या दोन भावांपैकी हा एक. नागझिरा अभयारण्यात जन्मला आणि २०१३ मध्ये कऱ्हांडल्यात प्रकट झाला. मध्ये शंभरावर किलोमीटर अंतर, धानाची शेतं, गावं, राष्ट्रीय महामार्ग आणि वैनगंगा. त्याला पाहायला देशभरातून माणसं आली, त्याच्या नावावर या नव्या अभयारण्याचं नाव झालं. २०१६ च्या एप्रिलनंतर तो दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही त्याचं काय झालं याचा छडा लागला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास पुढच्याच वर्षी नागभीड भागात शेतातल्या विजेच्या तारेने मेला. या कथेतलं मला धक्का देणारं पान वेगळंच आहे. एवढं धूड आमच्या जिल्ह्यातून, आमच्या बांधांवरून, झोपलेल्या गावांच्या कडेने चालत गेलं आणि बहुतेकांना पत्ता लागला नाही. म्हणजे वाघ जगतो तो अभयारण्यात जितका, तितकाच दोन अभयारण्यांमधल्या कुणाच्या तरी शेतात. तिकीट फक्त पहिल्या भागाचं असतं.

६. गर्दी सभ्य माणसांचीच होते.
२०२४ च्या शेवटच्या दिवशी या अभयारण्याच्या गोठणगाव भागात एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवून धरलं. त्याची चित्रफीत फिरली, संताप झाला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी तिथे नव्हतो. तरी चित्रफीत पाहताना अस्वस्थ झालो, कारण त्या गाड्यांतली माणसं मला ओळखीची वाटली. कुणी गुंड नव्हते. मुलांना सुटीत वाघ दाखवायला आलेले आईबाप, हौशी छायाचित्रकार, दोन पैसे बक्षिसी मिळेल या आशेने गाडी अजून थोडी पुढे घेणारा चालक. प्रत्येकाने थोडंच पुढे सरकायचं ठरवलं होतं. समोरच्या गाडीतल्या माणसाचं डोकं मध्ये आल्यावर माझ्या मनात जे येतं, तेही फार वेगळं नसतं. फरक एवढाच की माझ्या वाट्याला तो दिवस आला नाही. स्वतःच्या चांगुलपणावर विश्वास ठेवण्याआधी माणसाने तो कितीदा कसाला लागलाय ते बघावं.

७. खणण्याचे दोन प्रकार असतात, आणि मला एकच येत होता.
आमच्याकडे शंभराहून जास्त वर्षं मँगनीज निघतंय. १९६२ पासून मॉइल या कंपनीच्या नावाने. आमचं गणित सरळ होतं. खनिज घ्यायचं, बाकीचं ढिगावर टाकायचं. पुरातत्त्वाचं उत्खनन म्हणजे काय हे वाचताना मी चक्रावलो, कारण तिथे ‘बाकीचं’ असं काही नसतंच. मातीचा रंग बदलला की नोंद, खापराचा काठ वेगळा लागला की नोंद, राखेची रेघ आली की हात थांबतो. थर वरून खाली वाचत जायचं, म्हणजे काळ उलटा उलगडतो. पवनीचा स्तूप असाच थरांनी कळला. मौर्यकाळाच्या आसपासचं जुनं बांधकाम, त्यावर पुढच्यांनी चढवलेली भर, भोवती कोरीव दगडी कठडा. त्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. राजाने एकट्याने उभं केलेलं काम नव्हे ते. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा. आमच्या गावच्या देवळात पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं, त्याला मी इतकी वर्षं हसत आलो. आता जपून हसतो. दोन हजार वर्षांनी नेमकं तेच वाचायला कुणी तरी येतं.

८. टेकडीवर पाहण्यासारखं काही नसणं, हेही पाहण्यासारखं असतं.
जगन्नाथ टेकडीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबरचे पाहुणे म्हणाले, “हेच का?” त्यांचं चुकलं नव्हतं. सांचीसारखी तोरणं नाहीत, हिरवळ नाही. उत्खननात निघालेले शिल्पखंड आणि कोरीव दगड पाहायचे तर पवनी सोडून इतरत्र जावं लागतं. महाक्षत्रप रूपिअम्माचं नाव असलेला पवनीचा स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आमच्या लेखी अजबबंगल्यात, उभा आहे. कुठला शक क्षत्रप आणि कुठली पवनी! पवनीच्या शिल्पांत मुचलिंद नागाचंही एक आहे. बुद्धावर पाऊस पडू नये म्हणून फणा धरणारा तो नाग. त्या काळच्या रीतीप्रमाणे बुद्ध मूर्तीच्या रूपात नाही. फण्याखाली आसन आहे, आणि ते रिकामं आहे. हे वाचल्यावर मी पुन्हा टेकडीवर गेलो. गावाला तीन बाजूंनी वेढणारा जुना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, मध्ये टेकाडं. दाखवायला काही ठेवलेलं नसलं की माणसाला थोडं वाचून यावं लागतं, आणि उरलेलं स्वतः भरावं लागतं. रिकाम्या आसनासमोर त्या काळचे भाविक तेच करत असणार. मी मात्र सगळं मांडून, पाटी लावून मिळावं असं धरून गेलो होतो.

९. रान आधी की गाव आधी, याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.
आपण धरून चालतो की आधी सगळं जंगल होतं, मग माणूस आला आणि त्याने ते खाल्लं. ते खरंच आहे, पण अर्धं. अभयारण्य ज्या कुही तालुक्यात शिरतं, त्याच तालुक्यात अडम आहे. १९८८ नंतर अमरेंद्र नाथ यांनी तिथे खोदलं, तेव्हा अश्मयुगातल्या हत्यारांपासून सातवाहन काळापर्यंतची वस्ती, तटबंदी, नाणी, मुद्रा असं सगळं निघालं. एके काळचं भरभराटीचं शहर. आज ते एक छोटं खेडं आहे. त्याच तालुक्यात मांढळ आहे, वाकाटकांच्या ताम्रपटांचं. म्हणजे माणसं आली, नगरं झाली, उठली. रान मागे हटलं, पुन्हा पुढे आलं. हे कळल्यापासून ‘मानवाचा स्पर्श न झालेलं अरण्य’ असं कुणी म्हटलं की मी गप्प राहतो. इथल्या मातीला माणसाचा स्पर्श इतका झालाय की कुठे पाय ठेवू असं व्हावं. त्याने रानाची किंमत कमी होत नाही. उलट, एकदा उजाड झालेलं परत येऊ शकतं, एवढा दिलासा मिळतो; आणि आपलंही नगर कायमचं नाही, अशी एक बारीक टोचणीही.

१०. माझ्या सहलीचा खर्च मी एकटा करत नाही.
अभयारण्याच्या कडेच्या गावात चहाला थांबलो होतो. एक म्हातारी तेंदूपत्त्याचा भारा उतरवून सावलीला बसली. कुठून आलात, काय पाहिलं, असं बोलणं निघालं. ती म्हणाली, “तुमी पैसे देऊन पायता, आमी फुकट पायतो. पन आमचं पायनं लय महाग पडते, बाबू.” तेंदू आणि मोह वेचायचे दिवस म्हणजे ऐन उन्हाळ्याचे, तेव्हा पहाटे खाली वाकलेल्या माणसाला आणि त्याच वाटेने येणाऱ्या वाघाला एकमेकांची कल्पना नसते. शेतात रानडुकरं आणि रोही, गोठ्यात बिबट्याची धास्ती. त्यातच या भागातल्या कित्येक गावांची जमीन गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या धरणाचं फुगलेलं पाणी अभयारण्याच्या कडेपर्यंत पसरलंय. आम्ही त्याला ‘काय सुंदर देखावा’ म्हणतो, फोटो काढतो. खाणीमुळे माझं पोट भरलं, म्हणून विस्थापन, भरपाई, ‘विकासासाठी’ हे शब्द मला नवे नाहीत. पण म्हातारीच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेही मागितलं नव्हतं. एवढंच करतो की आता शिदोरी घरून नेत नाही. चहा, नाश्ता, जेवण तिथल्याच गावात घेतो. यातून हिशेब फिटत नाही, हे मलाही कळतं.

११. वाघ आणि स्तूप एका दिवसात उरकू नयेत.
हा मुद्दा गुडघ्यांनी शिकवला. पहाटे सफारी, दुपारी टेकड्या, संध्याकाळी घाट आणि रात्री परत चिखला, असा माझा कागदावरचा बेत फार देखणा असायचा. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी एक वाजता दगड-विटांच्या टेकाडावर उभं राहून सातवाहनांचा विचार करता येत नाही. विचार येतो तो फक्त पाण्याचा. त्यापेक्षा पवनीत मुक्काम करावा, उन्हात झोपावं, ऊन उतरल्यावर तटावरून फिरावं, आणि रान दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं. एका बेतात दोन गोष्टी कोंबण्याच्या हौसेपायी दोन्ही अर्ध्या राहतात. आमच्या पिढीला सुटी ‘वसूल’ करायची सवय आहे. ती सुटता सुटत नाही; हल्ली मी मुक्कामही वसूल झाला का ते मोजतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

१२. परत आल्यावर प्रश्न एकच असतो.
वसाहतीत पाय ठेवला की कुणीही विचारतं, “वाघ दिसला का?” दिसला म्हटलं तर पुढचा प्रश्न “केवढा?” आणि नाही म्हटलं तर “पैसे फुकट गेले.” पूर्वी मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की मीही सांचीहून आलेल्याला हेच विचारतो, तीर्थावरून आलेल्याला ‘दर्शन झालं का’ एवढंच विचारतो. एका प्रश्नात उरकून टाकण्याची ही आपली जुनी रीत आहे, आणि तिच्यात आपुलकीही आहे. म्हणून आता भांडत नाही. वाघाचं सांगून घेतो, विचारणारा खूश होऊन बसला की हळूच नागाची गोष्ट काढतो, त्याच्या फण्याखालच्या रिकाम्या आसनाची. बरेच जण तेवढ्यात उठतात. जे बसून राहतात, त्यांना म्हणतो, पुढच्या खेपेला चला. गाडीत एक जागा आहे, आणि डिझेलचा अर्धा खर्च तुमचा.